कोपऱ्यातला खोका

मी तेव्हा लहान होते. एकसष्ट वर्षांची.

हसू नका. आज त्र्याहत्तराव्या वर्षी मागे पाहते, तर ती एकसष्टची बाई मला परकर-पोलक्यातच दिसते. गुडघे शाबूत, दात स्वतःचे, आणि अक्कल अजून यायची होती. घाबरट इतकी, की कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची. मुलाच्या बदलीबरोबर ती नाशिकहून जयपूरला आली आणि मानसरोवर नावाच्या वस्तीत एका घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागली. त्या घराचे मालक खाली राहत. ही गोष्ट त्यांची. माझी मध्येमध्ये येईल, कारण गाढवपणा माझा होता.

मालक मूळचे मालवणकडचे. सगळी नोकरी नौदलाच्या भांडारात, सुट्या भागांच्या कोठीत झालेली. जन्मभर समुद्राच्या वासात राहिलेला माणूस उतारवयात जयपुरात घर का बांधतो, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. ते जणू प्रश्नाची वाटच पाहत होते.

"वहिनी, समुद्राकाठी लोखंड टिकत नाही. खारा वारा खातो. सुटे भाग सांभाळायचे तर हवा कोरडी हवी. मी चार गावांची हवा बघितली. जयपूर पास झालं."

बायकामुलं नव्हतीच. लोक घर बांधताना शाळा बघतात, बाजार बघतात. यांनी वॉशर आणि गॅस्केटांच्या तब्येतीसाठी गाव निवडलं होतं.

गल्लीत सगळे त्यांना 'कप्तान साहब' म्हणत. ते दर वेळी थांबून, हात जोडून सांगत, "कप्तान नहीं जी, स्टोअरकीपर." समोरचा मान डोलवून म्हणे, "अच्छा जी, कप्तान साहब."

पण त्यांची खरी खोड वेगळीच. हा माणूस 'नाही' म्हणत नसे. उदार होते म्हणून नव्हे. काहीही मागा, उत्तर एकच, "थांबा, बघतो." कोथिंबीर आहे का विचारलं, तर फ्रीज उघडून, खालचा खण ओढून, पिशव्या चाचपून, मग जिन्याखालून हाक मारायचे, "शिल्लक नाही!" एकदा पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बाया आल्या. दारातून विचारलं, "घर में कोई छोटा बच्चा है जी?" हे एकटे गृहस्थ "रुकिए, देखता हूँ" म्हणाले आणि चारही खोल्या हिंडून आले. "स्टॉक में नहीं है," त्यांनी गंभीरपणे सांगितलं. त्या बाया आमच्या जिन्यावर बसून हसत होत्या.

मी चिडवलं तर म्हणाले, "नाही म्हणायच्या आधी खोका उघडून बघावा, वहिनी. रजिस्टर खोटं बोलतं. आपलं तोंडही खोटं बोलतं."

खोके! मला धास्ती होती ती त्यांचीच.

तळमजल्याच्या मागच्या खोलीत, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खोके रचलेले होते. हिरवट रंगाचे, कोपऱ्यांना पत्रे ठोकलेले. खोलीला वंगणाचा आणि लहान बाळाच्या पावडरीचा एकत्र वास यायचा. दर शनिवारी मालक तेलाची बुधली घेऊन आत जात. मारुतीच्या तसबिरीपुढे एक थेंब, बाकी सगळं तेल बेअरिंगांना.

"यात काय आहे हो?" मी विचारलं.

"विनाशिकेचं सामान."

विनाशिका म्हणजे लढाऊ जहाजाची एक जात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला त्यातला 'विनाश' तेवढा ऐकू आला.

"विनाश? कुणाचा?"

ते मायेने हसले. "पाच जणी आहेत. म्हाताऱ्या झाल्यात. कुणाला कधी काय लागेल सांगता येत नाही. वेळ आली की माझ्याकडे सामान तयार हवं."

पाच म्हाताऱ्या, विनाश आणि सामान तयार! मी दोन दोन पायऱ्या घेत वर आले. गुडघे तेव्हा चांगले होते म्हटलं ना.

मुलाने समजूत घातली, "आई, ती जहाजं आहेत. नेव्हीवाले जहाजाला बाई म्हणतात. अंकलजींना रिकामं बसवत नाही म्हणून जुने पार्ट जमवतात." म्हणजे विनाश करणाऱ्या बाया नव्हत्या, तोफा लावलेली जहाजं होती. मला यात धीर येण्यासारखं काय आहे, ते कळेना. लढाईच्या जहाजाचं सामान म्हणजे काय लोणच्याच्या बरण्या असणार?

मालकांनी मला एकदा सगळं नीट सांगितलंही होतं. ही जहाजं रशियन बनावटीची. आपण ती घेतली तेव्हा तो देश केवढा मोठा होता. मग एक दिवस त्या देशाचेच तुकडे झाले. "कारखाना ज्या गावात, ते गाव दुसऱ्याच देशात गेलं, वहिनी. मागणीचं पत्र टाकायचं कुठं? तेव्हापासून एकेक वळं सोन्यासारखं जपलं आम्ही." नंतर कोठीतला जुना माल भंगारात निघाला, तेव्हा यांनी तो रीतसर घेतला, पावत्यांसकट, आणि कोरड्या हवेच्या गावी आणला. ते एवढं समजावून सांगत होते आणि माझं लक्ष खोक्यांवरच्या अक्षरांकडे होतं. प्रत्येक खोक्यावर तीच तीन अक्षरं. पहिलं हुबेहूब इंग्रजी तीनचा आकडा, दुसरं उलटा पडलेला इंग्रजी एन, तिसरं दाराची नुसती चौकट.

"हे काय लिहिलंय?"

"झिप."

म्हणजे रशियन भाषेत सुटे भाग आणि हत्यारं, असं ते पुढं म्हणाले म्हणे. मी ऐकलंच नाही. तीन, उलटं आणि दार. तीन वाजता सगळं उलटं होऊन दारातून बाहेर पडणार, असा अर्थ मी लावून ठेवला होता.

मग मे महिना आला.

जयपूरचा मे ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी लू नावाचा भाजणारा वारा सुटतो, गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही, कूलर तेवढा घरघरतो. वीज गेली की तोही थांबतो. अशाच एका दुपारी तो थांबला आणि त्या शांततेत मला खालून ऐकू आलं. टक.

मी लाटणं हातात धरून उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक. मग लागोपाठ दोनदा, टक, टक.

फरशीला कान लावला. फरशी तव्यासारखी तापलेली. कान भाजला, पण हलवला नाही. खालच्या खोक्यांतून आवाज येत होता. घड्याळाचा आवाज एकसारखा असतो, हा तसा नव्हता. हा थांबायचा, वाट बघायचा, आणि आपण श्वास सोडला की व्हायचा. मी मुलाला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे." सून शाळेत शिकवायला गेलेली. घरात मी आणि पाच वर्षांची नात. आठ दिवस मी ते टकटक मोजत काढले. नातीला स्वयंपाकघरात येऊ देईना. डाळ फोडणीला टाकायची आणि पळत बाहेर यायची. कढईतली फोडणी तडतडली तरी मला घाम फुटायचा.

नवव्या दिवशी दुपारी नात दिसेना. हाका मारत खाली धावले, तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. कोपऱ्यातल्या उघड्या खोक्याच्या कडेवर पोर पाय हलवत बसलेली, आणि तिच्या दोन्ही हातांत अंड्याच्या आकाराची एक हिरवी, जड लोखंडी वस्तू. समोर मालक, पांढरेफटक.

"हळू गं बाय," ते दबक्या आवाजात म्हणत होते. "हळू... खाली ठेव. पडलं तर संपलं."

त्यांचे हात थरथरत होते. ज्या माणसाला त्या वस्तूची माहिती आहे त्याचेच हात थरथरतायत म्हटल्यावर माझं काय झालं असेल! पोरीने ती वस्तू खोक्यात ठेवली. मी तिला काखोटीला मारून वर आणली, दाराला कडी घातली आणि पोलिसांचा नंबर फिरवला.

आता हिंदी. माझं हिंदी भाजीवाल्यापुरतं. तिकडून बाई विचारतेय, इकडे मी ओरडतेय.

"हॅलो, बम है! खोके में बम है!"

"कहाँ पर, माताजी? कौन से खोखे में?"

"कोने का! वो कोने का खोका है ना, उसमें! टकटक करता है!"

पत्ता म्हणून गल्ली सांगितली आणि घराचा नंबर सांगायच्या आधीच भीतीने फोन बंद केला. नुसता बंद करून समाधान होईना, म्हणून तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसला. का, ते त्या एकसष्टच्या पोरीला विचारा. मला माहीत नाही.

जयपुरात चहाच्या टपरीला थडी म्हणतात, एवढं मला कळत होतं. लाकडी फळ्यांच्या टपरीला हिंदीत खोखा म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बाबूलालचा चहाचा खोखा होता.

पोलिसांची गाडी आली ती घरापुढून सरळ कोपऱ्यावर गेली. मी गच्चीतून बघत होते. माणसं हटवली, दोरी बांधली. बाबूलालला बाजूला घेतलं. त्याच्या खोख्याचं दार उचकटून काढलं, बरण्या, स्टोव्ह, बिस्किटांचे डबे रस्त्यावर मांडले. साठीचा वाळका माणूस, हात जोडून सारखं एकच म्हणत होता, "म्हारो कांई कसूर, साब?" काही सापडलं नाही. तरी त्याला गाडीत घालून ठाण्यात नेलं. कुणाशी वैर आहे, कोण येतं-जातं, सगळं विचारायचं होतं.

गाडी वळली तेव्हा बाबूलालने वर बघितलं. मला बघितलं असं नव्हे, नुसतं वर बघितलं. मी वाळत घातलेल्या चादरीमागे बसले.

आतापर्यंत मला खोक्यांची भीती होती. आता वेगळीच बसली, आणि ही जास्त वाईट होती. ही टकटक करत नव्हती. मी गुपचूप राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि तो माणूस मात्र ठाण्यात बसून राहिला असता. मला उठवेना. मी नातीला आंबा चिरून दिला. एवढंच केलं.

अर्ध्या तासाने जिन्यावर पावलं वाजली. मालक.

"वहिनी, मी कोपऱ्यावर जाऊन आलो. शिपाई सांगत होता, फोन कुणा म्हाताऱ्या बाईचा होता." ते दारातच उभे राहिले. "तो शिपाई नक्कल करून दाखवत होता. ती बाई 'खोखा' म्हणत नव्हती. 'खोका' म्हणत होती."

मी नातीच्या हातातली आंब्याची कोय काढून घेतली.

"या गल्लीत 'खोका' म्हणणारे दोघंच. तुम्ही आणि मी. मी फोन केला नाही. तुम्ही केलात का?"

"नाही," मी म्हणाले. त्यांचा प्रश्न संपायच्याही आधी.

ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. कोथिंबीर विचारल्यावर फ्रीजकडे बघत, तसे.

"इतक्या लवकर 'नाही' नको म्हणू," ते म्हणाले. पहिल्यांदाच 'तुम्ही' सुटलं होतं त्यांचं. "आधी उघडून बघ. मी थांबतो."

आणि ते खरंच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

मी आत गेले. डाळीचा डबा उघडला, फोन काढला, पदराने पुसला. बाहेर आले. "आहे," म्हटलं. "मीच केला."

"चला मग."

त्यांच्या जुन्या स्कूटरवर, नातीला पुढे उभी करून, आम्ही ठाण्याकडे निघालो. लू तोंडावर येत होती. मला वाटत होतं, आता मलाच कोठडीत टाकणार. मुलाची नोकरी जाणार. नाशिकला कळणार. मी मागून म्हणाले, "मालक, मला फार भीती वाटतेय हो."

ते वळले नाहीत. वाऱ्यात ओरडून बोलावं तसं बोलले. "मी एकदा लगेच 'नाही' म्हणालो होतो, वहिनी. एका जहाजाने गॅस्केट मागितलं होतं. रजिस्टर बघितलं, शून्य. म्हणालो, नाही. जहाज जुन्यावरच गेलं. समुद्रात ते फाटलं, तापलेलं तेल एका पोराच्या हातावर आलं. हात वाचला, पण पुन्हा मूठ वळली नाही त्याची." सिग्नल लागला. ते जरा हळू बोलले. "गॅस्केट होतं. कोपऱ्यातल्या खोक्यात, दुसऱ्याच नावाने पडलं होतं. उठून बघायला मला पाच मिनिटं लागली असती."

ठाण्यात इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला.

"माताजी, आपने बोला कोने वाला खोखा."

"खोका, साहेब! खोका! लकडी का!"

"खोखा भी लकड़ी का ही है, माताजी."

कुणीतरी मागे खुसखुसलं. पण बाबूलाल तिथंच बाकावर बसला होता, टोपी मुठीत चुरगळून, आणि तो हसत नव्हता. मी त्याच्यापुढे उभी राहिले, आणि काय बोलले आठवत नाही. बहुतेक मराठीतच बोलले. त्याला सोडलं तेव्हा तो उठताना भिंत धरून उठला. ते मला अजून दिसतं.

बॉम्ब म्हटल्यावर खोके उघडणं आलंच. तपासणीची माणसं घरी आली. आम्हाला अंगणाबाहेर उभं केलं. मालक फाटकाच्या गजाला धरून हाका मारत होते, "धीरे जी! धीरे! ये दोबारा नहीं बनेगा!" मला खोके फुटायची भीती, त्यांना फुटायचीच भीती, पण दोन भीतींचं नातं काही जमत नव्हतं. शेवटी एक जण बाहेर आला, हात कोपरापर्यंत वंगणाने बरबटलेले. खोक्यांत निघाली ती पिठात घोळून ठेवलेल्या कडबोळ्यांसारखी रबरी वळी, पावडरीत. मेणकागदात गुंडाळलेली बेअरिंगं. आणि हिरवं अंडं? तेलाच्या नळीचा वॉल्व्ह. "पडलं तर संपलं" म्हणजे तो वॉल्व्ह संपला. जगात दुसरा बनत नव्हता.

"और टकटक?" मी विचारलं.

"लाकूड वाळताना बोलतं, वहिनी," मालक म्हणाले. "मे महिन्यात जरा जास्त बोलतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाबूलालच्या मोडक्या दारापाशी पान्हे घेऊन बसलेले दिसले. मी जवळ जाऊन पाहिलं. दाराला दोन जाडजूड पितळी बिजागऱ्या बसवत होते. खोक्यातल्या. इतक्या वर्षांत एकही वस्तू त्यांनी वापरायला बाहेर काढली नव्हती.

"ये तो जहाज का है ना, साहब?" बाबूलालने विचारलं.

"पाच जणींपैकी कुणी मागितलं नाही. सहावीला लागलं," ते मला म्हणाले, आणि स्क्रू पिळत राहिले.

बाबूलालने मला चहा दिला. मी कप धरला तो सांडला. "बैठो माताजी," तो म्हणाला. "आपसे ज्यादा तो मैं डरा था." पुढे गल्लीत त्या टपरीला 'बम वाला खोखा' नाव पडलं, आणि मी भाजीला निघाले की तो दुरूनच विचारायचा, "माताजी, आज कुछ टकटक?"

वर्षं गेली. त्या पाच जणी एकेक करून निवृत्त होत गेल्या. बातमी आली की मालक ती मोठ्याने वाचायचे, वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि शनिवारी तेल घालायला जायचे. मग एक दिवस त्यांनी बातमी वाचून घडी घातली नाही. कागद तसाच मांडीवर. ज्या जातीच्या जहाजांसाठी हे सगळं जपलं होतं, ती जातच आता सेवेतून गेली, असं ते म्हणाले.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मालक, सुई-दोरा आहे का हो? पोरीच्या युनिफॉर्मचं बटण तुटलंय."

"नाही," ते म्हणाले. बसल्या जागी. न उठता.

त्या दिवशी जशी मी घाबरले, तशी मे महिन्यातल्या टकटकीला घाबरले नव्हते. मी पुढे झाले आणि त्यांच्या दंडाला धरलं. परक्या पुरुषाच्या दंडाला, सत्तरी जवळ आलेली मी.

"उठा," म्हटलं. "आधी उघडून बघा. मी थांबते."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. आत डबे वाजले. परत आले ते काळ्या दोऱ्याचं रीळ आणि सुई घेऊन. "आहे," म्हणाले. "शिल्लक आहे."

पुढच्या वर्षी पुतण्या त्यांना मालवणला घेऊन गेला. त्यांना एकट्याने राहणं आता झेपत नव्हतं. घर विकलं, खोके भंगारात गेले. एक सोडून. कोपऱ्यातला तो त्यांनी हमालाकरवी माझ्याकडे चढवला. "तिकडे खारा वारा आहे," म्हणाले. "इथं राहू दे." खाऱ्या वाऱ्यात ते स्वतः दीड वर्ष टिकले.

आता आम्ही मानसरोवरातच दुसऱ्या घरी राहतो. खोका माझ्या खाटेखाली आहे. शनिवारी मी तेल घालते. सतरा वर्षांची नात चेष्टा करते, पण मे महिन्यात दुपारी वीज जाते, कूलर थांबतो आणि खाटेखालून टक होतं, तेव्हा तीही मोबाइलवरून मान वर करते.

परवा म्हणाली, "आजी, तुला अजून डर लगता है क्या? मतलब, खरंच?"

'नाही' ओठांवर आलंच होतं. मी जरा थांबले.

"आहे गं," म्हटलं. "शिल्लक आहे."